मुलीच्या शिक्षणाचे पैसे जुन्या छापचित्रांत घालावेत का?

प्रश्न: आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. ‘आर्ट जर्नल’ या जुन्या लंडनच्या मासिकातली व्हिक्टोरियन शिल्पांची 40 एन्ग्रेव्हिंग्ज (कोरलेल्या पोलादी पत्र्यावरून छापलेली चित्रं) एक विक्रेता 2,400 पौंडांना देतोय. चार वर्षांत दुप्पट होतील म्हणतो. पैसे मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले आहेत. घेऊ का?

उत्तर: गुंतवणूक म्हणून अजिबात नको. ही चित्रं सुंदर आहेत, पण दुर्मीळ नाहीत. पोलादी पत्रा तांब्यासारखा लवकर झिजत नाही, त्यामुळे एकाच पत्र्यावरून हजारो प्रती निघत. शिवाय बांधीव खंड फोडून पानं सुटी विकण्याचा धंदा जुनाच आहे. अख्ख्या खंडाचा भाव आधी विचारा, मग पानामागे 60 पौंड किती जास्त आहेत ते कळेल.

आता मोडायची वेळ आली तर? समजा लिलावघराचं कमिशन 20 टक्के, त्यावर 20 टक्के व्हॅट. म्हणजे बोलीतले 24 टक्के गेले. तुमच्या हातात 2,400 पडायला बोली 3,158 पौंडांवर जायला हवी. घेणाऱ्याला वर 25 टक्के प्रीमियम (लिलावघर त्याच्याकडून घेतं ते शुल्क) आणि त्यावरचा व्हॅट, म्हणजे त्याला साधारण 4,105 पौंड मोजावे लागतील. आणि हे सगळं नुसतं मुद्दल परत मिळायला! लिलावात अशी पानं बहुधा गठ्ठ्यानेच जातात, हेही धरा. कराचंही ऐका: 6,000 पौंडांच्या आतल्या अशा वस्तूंच्या नफ्यावर कर नाही, पण तोटा झाला तर तोही वजा मिळत नाही.

कॉलेजची रक्कम मुदतीच्या कॅश आयसामध्ये (ISA, व्याजावर कर न लागणारं बचत खातं) ठेवा. मुदत पहिल्या फीच्या तारखेआधी संपेल अशी निवडा.

मनापासून आवडली असतील तर घरखर्चातून चार-पाच निवडून घ्या. दहापट भिंगातून गालाची, खांद्याची सावली बघा. अस्सल पानावर कोरलेले बारीक ठिपके नि रेषा दिसतात, कमी-जास्त दाट. त्यातूनच संगमरवराची गोलाई उतरते. एकसारख्या जाळीतले ठिपके दिसले, तर ती नंतरची फोटोछपाई. तळाशी शिल्पकार आणि कोरणारा, दोघांची नावं हवीत. कोरणाऱ्यांपैकी विल्यम रॉफचं नाव बऱ्याच पानांवर सापडेल. रंगवलेलं पान टाळा, रंग बहुतेक नंतर चढवलेला असतो. तपकिरी डाग आणि शिवणीकडची कापलेली कड पाहूनच भाव करा. फ्रेमला आम्लरहित माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) लावा, नाहीतर काही वर्षांत कडेने पिवळी चौकट उमटते.