पट्ट्यावरून रस्त्यावर

चार महिने जिममध्ये ट्रेडमिलवर ८ च्या वेगाने सलग ३० मिनिटं पळतोय. मागच्या रविवारी सेमिनरी हिल्सला गेलो आणि सातव्या मिनिटालाच धाप लागून थांबलो. एवढे महिने फुकट गेले का?
— वाचक, प्रतापनगर, नागपूर

नाही गेले. बहुतेक तुम्ही त्या दिवशी ८ च्या वेगाने पळालाच नाहीत. ८ चा वेग म्हणजे तासाला ८ किलोमीटर, एका किलोमीटरला साडेसात मिनिटं. जिममध्ये तो वेग यंत्र धरून ठेवतं, बाहेर तो आपला आपल्याला धरावा लागतो. ताज्या पायांना साडेसहा मिनिटांचा किलोमीटरही सुरुवातीला हलका वाटतो आणि पाच-सहा मिनिटांत त्याची वसुली होते. वर जागा निवडलीत चढाची! पहिले सहा आठवडे सपाटीवरच राहा.

वेग अंगात मुरवायचा तर ४०० मीटरच्या ट्रॅकसारखी जागा नाही. मानकापूरच्या क्रीडा संकुलात किंवा अशा दुसऱ्या ट्रॅकवर प्रवेशाच्या वेळा विचारून जा. ८ च्या वेगाने सगळ्यात आतल्या लेनची एक फेरी बरोबर ३ मिनिटांत होते, म्हणजे १०० मीटरला ४५ सेकंद. पहिली फेरी २ मिनिटं ४० सेकंदांत झाली तर तुम्ही ९ ने पळताय, तिथेच आवरा. ती मुद्दाम ३ मिनिटं १० सेकंदांत काढा. जीपीएस घड्याळात क्षणाक्षणाला दिसणारा वेग, विशेषतः दाट झाडांखाली, वरखाली उड्या मारतो, त्याच्या नादी लागू नका. पूर्ण किलोमीटरची सरासरी बघा. घड्याळ नसेल तर सोबत्याशी बोलून पाहा. एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं तर वेग ठीक. दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर कमी करा.

आणखी एक शक्यता म्हणजे जिमचं यंत्रच खोटं बोलत असेल. ते तपासता येतं. वीज बंद असताना पट्ट्यावर खडूची खूण करा, पट्टा हाताने फिरवत टेपने त्याची पूर्ण लांबी मोजा. समजा ती ३ मीटर भरली. आता यंत्र ८ वर ठेवून तुम्ही पळा आणि दुसऱ्याने खूण २० वेळा समोरून जाईपर्यंतचा वेळ घ्यावा. ६० मीटरला २७ सेकंद लागायला हवेत. ३० लागले तर तुमचा खरा वेग ७.२ आहे. मोजताना पट्ट्यावर माणूस पळत असलाच पाहिजे, कारण जुनी मोटर वजन पडलं की मंदावते. रिकामा पट्टा नेहमीच सोज्वळ वागतो.

ट्रेडमिलला १ टक्का चढ दिला की बाहेर पळल्यासारखंच होतं, असं ट्रेनर सांगतात. खरं का?
— वाचक, धंतोली

हा सल्ला १९९६ च्या एका अभ्यासातून आला. तो तासाला साडेदहा किलोमीटर आणि त्याहून जास्त वेगाने पळणाऱ्यांवर होता. बाहेर हवा कापावी लागते, तेवढी भरपाई चढाने होते. ७-८ च्या वेगाला हवेचा अडथळा नगण्य असतो. चढ ठेवायचाच तर दर दोन मिनिटांनी ० ते ३ असा बदलत ठेवा, पोटऱ्यांची तयारी तरी होईल.

आमच्याकडे सगळे सिमेंटचे रस्ते. बाहेर पळायला लागून दोन आठवडे झाले आणि नडग्या दुखू लागल्या. बूट बदलू की रस्ता?
— वाचिका, नंदनवन

आधी प्रमाण बदला. सिमेंट आणि डांबर यांतला फरक लोक समजतात त्याहून फार लहान आहे, पाय आपला ताठपणा जमिनीप्रमाणे जुळवून घेतो. नडगीला खुपतं ते कामातल्या अचानक वाढीमुळे. ट्रेडमिलवर प्रत्येक पाऊल आधीच्या पावलासारखंच पडतं. बाहेर वळणं, खड्डे, उतारावर ब्रेक लावणं, रिक्षा आडवी आली की थबकणं, हे सगळं पायांना नवं असतं. छाती चार महिन्यांत तयार होते, हाडांना त्याहून जास्त वेळ लागतो.

दुखणं नीट ओळखा. नडगीच्या आतल्या कडेने चार-पाच बोटं रुंद जागा दुखते, अंग गरम झालं की कमी होते, तर पळणं निम्म्यावर आणा. पण एकाच ठिकाणी बोट ठेवता येतं, पळताना कळ वाढत जाते, रात्रीही ठणकतं किंवा त्या एका पायावर उडी मारवत नाही, तर पळणं बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. ते हाडाला गेलेल्या बारीक तड्याचं लक्षण असू शकतं.

दुखणं थांबल्यावर आठवड्यातून तीनच दिवस पळा, लागोपाठ दोन दिवस नको. पहिले दोन आठवडे तीनपैकी एकच दिवस बाहेर: पाच मिनिटं भरभर चाला, मग २ मिनिटं पळणं आणि १ मिनिट चालणं, अशा सात फेऱ्या. पुढचे दोन आठवडे दोन दिवस बाहेर, ४ आणि १ च्या पाच फेऱ्या. पाचव्या-सहाव्या आठवड्यात तिन्ही दिवस बाहेर, ९ आणि १ च्या तीन. अंतर मोजूच नका, मिनिटं मोजा. मधल्या दिवशी जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली करा, १२ वेळा, तीन फेऱ्या. पाऊल लांब टाकू नका, ते गुडघ्याच्या फार पुढे पडलं की धक्का नडगीत जातो.

बूट पळण्याचेच असतील आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा असेल तर राहू द्या. वजनं उचलायचे सपाट तळव्याचे बूट मात्र चालणार नाहीत. गट्टू बसवलेल्या फुटपाथपेक्षा रस्ता बरा, कारण एक गट्टू हलला तरी घोटा मुरगळतो. रस्त्याची अगदी कड टाळा, तिथे उतार असतो आणि रोज एकच पाय खाली पडतो. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, म्हणजे उजवीकडून, पळा.

पहाटे साडेपाचला पळताना कुत्री मागे लागतात. काय करावं?
— वाचक, त्रिमूर्तीनगर

थांबा. पळणाऱ्याच्या मागे पळणं हा कुत्र्याचा स्वभाव, तुमचं पळणं थांबलं की निम्मा खेळ संपतो. हात खाली, नजर न रोखता, पाठ न दाखवता हळूहळू बाजूला सरका. दगड उचलल्यासारखं वाकण्याची आपली जुनी युक्ती एकट्यादुकट्यावर चालते, टोळीसमोर वाकू नका. चावलंच तर जखम नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत जाऊन रेबीजची लस सुरू करा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर सीरमही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते आठवणीने विचारा.

आत्ता थंडीत ठीक आहे, पण मे महिन्यात नागपुरात बाहेर पळायचं कसं?
— वाचिका, मनीषनगर

सूर्य साडेपाचला उगवतो, सात वाजायच्या आत घरी. ४५ अंशांच्या दिवसांत रात्रीही सिमेंट तापलेलंच असतं, त्यामुळे संध्याकाळपेक्षा पहाटच बरी. मार्चपासूनच सवय करा, उन्हाळा अंगवळणी पडायला दहा-चौदा दिवस लागतात आणि तोवर वेग घसरतोच. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पुन्हा ट्रेडमिलवर गेलात तर त्यात कमीपणा नाही. पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा: ८०० ग्रॅम कमी भरलं तर ८०० मिलिलिटर पाणी गेलं. ते एका दमात पिऊ नका, तास-दोन तासांत भरून काढा, त्यातले दोन पेले मीठ घातलेल्या ताकाचे.