भाड्यानं ईव्ही, म्हणजे बॅटरीवरची गाडी, घेतोयस? मग हे बघ

भावा, पन्हाळा कोल्हापुरातनं जेमतेम 20 किलोमीटर, तेवढ्यासाठी कशाला टेन्शन घेतोस! चढाला बॅटरीचे टक्के भराभर उतरतील, उतरू देत. येताना रीजन (उताराला गाडी हळू करताना बॅटरी परत भरणारी सेटिंग) वाढवून ठेव, थोडे परत मिळतात. खरा हिशेब आंबा घाटातनं रत्नागिरीला जायचं असलं तर. कंपनीनं छापलेल्या रेंजमधला (एका चार्जमध्ये गाडी किती किलोमीटर जाते त्यातला) पाव भाग सरळ वजा धर. हायवेला शंभरच्या वर पळवलीस की बॅटरी पाण्यासारखी जाते, 80 वर ठेव.

गाडी ताब्यात घेतानाच चार्जिंगचं ॲप चालू करून वॉलेटमध्ये पैसे टाक. घाटात नेटवर्क शोधत बसशील नाहीतर. 20 टक्क्यांच्या आत जाऊ नकोस. फास्ट चार्जरवर 80 झाले की निघ, पुढचं फार रेंगाळतं. आणि परत देताना किती टक्के लागतात ते आधीच विचार. डिपॉझिटचे वाद तिथंच होतात.