२०१९ मध्ये कॅनडाच्या टोरोंटो वुल्फपॅकने इंग्लंडच्या रग्बी लीग चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, २७ पैकी २६ सामने जिंकले, तरी सुपर लीग या सर्वोच्च श्रेणीत जायला अंतिम सामना का खेळावा लागला?

कारण त्या वर्षी बढती गुणतक्त्यावर नव्हती, प्ले-ऑफवर, म्हणजे साखळीनंतरच्या निर्णायक सामन्यांवर होती. १४ संघ घरी-बाहेर एकमेकांशी भिडले की प्रत्येकाचे २६ सामने होतात. सत्ताविसावा ब्लॅकपूलच्या समर बॅशचा, म्हणजे सगळे संघ एकाच मैदानावर जमून खेळतात त्या फेरीचा. त्यानंतर पहिले पाच संघ प्ले-ऑफला. त्यातून वर जाणार एकच.

मला ही पद्धत अन्यायाचीच वाटते. टोरोंटोवाल्यांच्या पोटात गोळा येणं साहजिक होतं, कारण आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, घरच्या लॅमपोर्ट स्टेडियमवर लंडन ब्रॉन्कोजने त्यांना ४-२ असं हरवून बढती हिसकावली होती. त्या सामन्यात एकही ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळणारे गुण) नाही! दोन-दोन गुणांच्या तीन पेनल्टी किक, बस्स. अख्खा हंगाम तेवढ्यावर गेला.

२०१९ला समोर फेदरस्टोन रोव्हर्स. यॉर्कशरच्या कोळसा खाणींतलं छोटंसं गाव, तक्त्यात पाचवं, आणि लागोपाठ तीन बाद सामने परक्या मैदानांवर जिंकून आलेलं. त्यांची ही धाव मला विजेत्यांइतकीच मोलाची वाटते. पण ५ ऑक्टोबरला त्याच लॅमपोर्टवर टोरोंटोने २४-६ ने बाजी मारली.