वाचकांचे प्रश्न : कंबरेतल्या सुया आणि नाव नसलेली पुडी

प्रश्न : माझ्या सासूबाई गेली तीस वर्षे घरी विड्या वळतात. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसल्याने त्यांची कंबर कायम धरलेली असते. एका शिबिरात अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे बारीक सुया टोचण्याचा चिनी उपचार, घेतल्यापासून त्यांना बराच आराम आहे. शेजारचे गुरुजी म्हणतात, हा नुसता मनाचा समज. खरे काय? तिथेच मिळालेली चिनी जडीबुटीची पुडी त्यांना द्यावी का? — एक वाचक, निपाणी

उत्तर : सासूबाईंना पडलेला आराम खरा आहे, तो कशामुळे पडला, एवढाच वाद आहे. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला चिनी वैद्यकाने सांगितलेल्या बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला ते बिंदू टाळून भलत्याच जागी वरवर टोचल्या, तर तिसऱ्याला औषधे, व्यायाम असे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी गुण आलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के होते. म्हणजे सुया नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरल्या, पण त्या नेमक्या कुठे टोचल्या याने फारसा फरक पडला नाही. अर्थात आपल्याला सुया मिळाल्या नाहीत हे तिसऱ्या गटाला ठाऊक होते, आणि दुखणे किती कमी झाले हे शेवटी रुग्णच सांगतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

तुलनेसाठी रुग्णाला खरी वाटेल अशी खोटी सुई बनवणे हेच या संशोधनातले अवघड काम आहे. नाटकातल्या खंजिराचे पाते जसे मुठीत सरकते, तशी कातडीत न शिरता दांड्यात सरकणारी सुई १९९८ साली तयार झाली. २०१८ साली ३९ चाचण्यांमधील २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा खऱ्या सुयांचा गुण खोट्यांपेक्षा थोडा अधिक दिसला. तेव्हा गुरुजींचे म्हणणे अगदीच चूक नाही, पण ‘नुसता’ हा शब्द मला पटत नाही. सासूबाईंची कंबर हलकी झाली असेल, तर सुया चालू ठेवण्यास माझी हरकत नाही. मात्र दर वेळी नवी, निर्जंतुक सुई आपल्यासमोर पाकिटातून काढली पाहिजे, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ते आधी सांगितले पाहिजे.

पुडीचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटते. चिनी वनस्पतींत मोठे औषध दडलेले असू शकते, यात शंका नाही. चौथ्या शतकातील एका चिनी ग्रंथात तापावर एक वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा, असे लिहिले होते. त्यात उकळण्याचा उल्लेख नाही, हे चिनी संशोधक थू यूयू यांनी हेरले आणि उष्णतेने गुण नष्ट होत असावा, असे ताडून कमी तापमानाला ईथरने अर्क काढला. त्यातून हिवतापावरचे आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण थू यूयू नुसत्या पुडीवर थांबल्या नाहीत. अर्क आधी प्राण्यांना, मग स्वतः घेऊन, त्यानंतरच रुग्णांना दिला.

याउलट १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी चिनी वनस्पती घेतलेल्या शंभराहून अधिक रुग्णांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडे खराब झाली. एका मुळीऐवजी मिळत्याजुळत्या नावाची दुसरीच मुळी गोळ्यांत गेली होती. ती आपल्याकडच्या ईश्वरीच्या वेलीच्या जातकुळीतली होती. पुढे त्यांच्यापैकी अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. शिवाय सांधेदुखीच्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत.

म्हणून ज्या पुडीवर घटक, उत्पादक आणि परवाना क्रमांक नाही, ती सुरू करू नका. सासूबाई ती काही आठवडे घेत असतील, तर स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नका, कारण स्टेरॉइड अचानक बंद केल्यास त्रास होतो. पुडी सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा आणि रक्तातील क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडांचे काम कळते) व साखर तपासून घ्या. पाय बधिर होऊ लागले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र सुयांची पुढची तारीख न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.