दोन रात्री डांबून मारलं, कागद एकही दिला नाही : आता काय करायचं?

प्रश्न : माझा २४ वर्षांचा भाऊ नाशिकमध्ये एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. चोरीच्या संशयावरून साध्या वेशातल्या पोलिसांनी रविवारी रात्री त्याला घरातून उचललं आणि मंगळवारी सकाळी सोडलं. ‘कबूल कर’ म्हणत तळपायांवर आणि पाठीवर पट्ट्याने मारलं, कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या. अटकेची नोंद नाही, कोर्टापुढे नेलं नाही. ठाण्यात तक्रार घेत नाहीत, उलट ‘जास्त बोललात तर गुन्ह्यात घालू’ म्हणतात. आज शुक्रवार. आम्ही काय करावं?
– एक बहीण, नाशिक

उत्तर : ताई, कायदा तुमच्या भावाच्या बाजूने आहे, पण पुरावा रोज पुसला जातोय. म्हणून अर्ज आणि कलमं नंतर. आधी त्याला त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात न्या, आजच.

केसपेपर काढताना आणि डॉक्टरांपुढे त्याने स्वतः सांगायचं : पोलिसांनी मारलं, या तारखांना, पट्ट्याने, इथे आणि इथे. भीतीपोटी ‘जिन्यावरून पडलो’ असं एकदा लिहिलं गेलं, की खटल्यात बचाव पक्ष तोच कागद सगळ्यात आधी काढतो. एमएलसी (पोलीस-कोर्टाशी संबंधित जखमेची रुग्णालयातली अधिकृत नोंद) करायला सांगा आणि तिचा नंबर उतरवून घ्या. ‘पोलिसांची यादी (तपासणीसाठीचं पोलिसांचं पत्र) आणा’ असं कुणी म्हणालं तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मुका मार आधी लाल, मग जांभळा, पाचव्या-सहाव्या दिवसापासून हिरवट, पुढे पिवळट होतो आणि साधारण दोन आठवड्यांत जातो. या रंगावरूनच डॉक्टर जखमेचं वय लिहितात आणि ते वय त्या दोन रात्रींशी जुळणं हा तुमचा मोठा आधार आहे. तळपायांची सूज त्याआधीच उतरते, म्हणून पायांचा एक्स-रे आग्रहाने मागा. आणखी एक, हे पुराव्यासाठी नाही, त्याच्या जिवासाठी : लघवी चहासारखी काळसर होत असेल किंवा कमी होत असेल तर ताबडतोब सांगा. जबर मुक्या मारानंतर स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण येतो. लघवीची आणि रक्तातल्या क्रिएटिनिनची (मूत्रपिंड नीट चालतंय का ते दाखवणारी) तपासणी करून घ्याच.

घरी वळांचे फोटो काढा. एक चेहऱ्यासह, एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. ते ज्या फोनमध्ये काढले तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीत मूळ माहिती राहत नाही, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र देताना मूळ उपकरण हाताशी लागतं.

दुसरं काम सीसीटीव्हीचं. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक पोलीस ठाण्यात लॉक-अप, वऱ्हांडे आणि प्रवेशद्वारांवर कॅमेरे लावण्याचा, चित्रण १८ महिने आणि तशी सोय नसेल तर किमान १ वर्ष जपण्याचा आदेश दिला. तरी ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर येऊ शकतं. म्हणून तारीख आणि वेळ घालून ‘हे चित्रण जतन करा’ असं पत्र वरिष्ठ निरीक्षक आणि पोलीस उपायुक्तांना आजच स्पीड पोस्टने पाठवा. पत्र मिळाल्यावर चित्रण गेलं तर जाब त्यांना द्यावा लागतो. त्या रात्री तुम्ही ११२ ला फोन केला असेल तर तेही लिहा. गल्लीतल्या दुकानाच्या कॅमेऱ्यात त्याला नेताना दिसत असेल तर आजच प्रत मागा. दुकानांचे कॅमेरे आठ-पंधरा दिवसांत जुनं चित्रण पुसतात.

आता तक्रार. मारहाण कबुलीसाठी झाली हे तिच्यात ठळकपणे यायला हवं. साधी दुखापत, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत. तेवढंच लिहिलंत तर एनसीची (अदखलपात्र नोंदीची) पावती हातात देऊन तुम्हाला वाटेला लावतील. कबुली काढण्यासाठी केलेली दुखापत कलम १२०(१) मध्ये येते. तो दखलपात्र गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. जोडीला बेकायदा डांबून ठेवल्याचं कलम १२७. रविवार रात्र ते मंगळवार सकाळ म्हणजे २४ तासांच्या वर. २४ तासांत कोर्टापुढे नेण्याचा नियम सांगणारी संविधानाचं कलम २२(२) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५८ दोन्ही मोडली. ज्यांची नावं माहीत नाहीत त्यांची नावं घालू नका. वर्णन लिहा आणि ‘समोर आल्यास ओळखेन’ म्हणा. मारणारे तीन असतील तर तीनच लिहा, पाच नाही. केसपेपर, तक्रार आणि शपथपत्रातला आकडा वेगवेगळा निघाला की खरी तक्रारही कोसळते.

ठाण्याने नाकारल्यावर हीच तक्रार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठांकडे जाते : शहर हद्द असेल तर तुमच्या परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे, ग्रामीण असेल तर पोलीस अधीक्षकांकडे. तिथेही हालचाल झाली नाही तर शपथपत्रासह कलम १७५(३) खाली प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. लोकसेवकाने कर्तव्य बजावताना काही केलं असेल तर १७५(४) नुसार आधी वरिष्ठांचा अहवाल मागवला जातो आणि त्यात महिने जाऊ शकतात. तुमच्या वकिलांनी १९६६ चा महाराष्ट्र राज्य विरुद्ध आत्माराम हा निकाल जोडावा. कबुलीसाठी मारणं आणि डांबणं हे कर्तव्याच्या आवरणाखाली येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मधली, पोलिसांवर खटला भरण्याची सहा महिन्यांची मुदत विसरू नका. वाद टाळायचा तर त्या आतच कोर्टात जा.

पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही अर्ज करा. प्रकाश सिंग निकालात (२२ सप्टेंबर २००६) न्यायालयाने ते सांगितलं, २०१४ च्या दुरुस्तीने महाराष्ट्राच्या कायद्यात आलं. पण त्याचा अहवाल शेवटी सरकारकडे जातो, त्यामुळे सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. सुधारणांच्या चर्चेत नवी प्राधिकरणं आणि नव्या समित्या यांवर भर असतो. माझ्या मते खरी गाठ पुराव्याच्या भारात आहे. कोठडीतली जखम पोलिसांनीच केली असं कोर्टाने गृहीत धरता यावं, ही विधी आयोगाची शिफारस १९८५ ची (११३ वा अहवाल). २०१७ च्या २७३ व्या अहवालात तिचा पुन्हा आग्रह धरला गेला. कायदा आजही तसा नाही. चार भिंतींआड मार खाल्लेल्या पोरानेच सगळं सिद्ध करायचं, हा मला अन्याय वाटतो, आणि म्हणूनच वर रुग्णालयावर इतकं लिहिलं.

कोऱ्या सह्यांबद्दल : पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, आणि तपासातल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते. तक्रारीतच किती कागदांवर सह्या घेतल्या ते लिहून ठेवा. धमकीबद्दल : साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षांची, तिथे अटकेआधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, हजर राहायला सांगणारी लेखी नोटीस हाच नियम आहे. फोनवर ‘ये’ म्हटलं तर नोटीस मागा. ती आली तर टाळू नका, वकिलासोबत जा. तुम्हाला किंवा आईला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. कलम १७९ नुसार स्त्रीचा जबाब घरीच घ्यावा लागतो. कुणी ‘तक्रार नाही’ असा जबाब पुढे केला तर सही करू नका.

मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला फी नाही, मुदत घटनेपासून १ वर्ष. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्री म्हणून तुम्हाला आणि औद्योगिक कामगार म्हणून भावाला, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. जाताना एमएलसीचा नंबर, स्पीड पोस्टच्या पावत्या आणि भावाचं कारखान्याचं ओळखपत्र सोबत ठेवा.