क्लॅरिनेट कोणाचं ऐकावं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मोझार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोबद्दल (एक क्लॅरिनेट आणि सोबत ऑर्केस्ट्रा अशी रचना) थोडं लिहिलं होतं, त्यावर नाशिकमधूनच इतके मेल आणि पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलंय म्हणून फक्त राहण्याचा भाग लिहिलाय.

प्रश्न (पंचवटी): मी बरीच वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवलं. नातवाने मोबाईलवर हा कॉन्चेर्टो लावून दिला. दोन कलाकारांचं ऐकलं, तर एक जण खाली खाली उतरत जातो आणि दुसरा त्याच जागेवर मधेच उडी मारून वर येतो. चूक कोणाची?

काका, चूक दोघांचीही नाही, आणि तुमचा कान अगदी नेमका गेलाय, हा फरक वर्षानुवर्षं ऐकणाऱ्यांच्याही पटकन लक्षात येत नाही. झालंय असं की मोझार्टने हा कॉन्चेर्टो १७९१ साली त्याचा मित्र आंटोन श्टाडलर याच्यासाठी लिहिला आणि श्टाडलरचं वाद्य नेहमीच्या क्लॅरिनेटपेक्षा लांब होतं, त्याला बॅसेट क्लॅरिनेट म्हणतात, त्यात खालच्या बाजूला चार पट्ट्या जास्तीच्या मिळतात. तुम्ही बँडमध्ये वाजवलेलं बहुतेक बी-फ्लॅट असणार, कॉन्चेर्टोचं त्याच्यापेक्षा अर्ध्या स्वराने खालचं, ए क्लॅरिनेट. आता पेटीच्या हिशोबाने बघा. या रचनेचा सा आहे पांढरी सहा. साधं ए क्लॅरिनेट खाली येऊन येऊन थांबतं काळी एकवर, म्हणजे शुद्ध गंधारावर. त्याच्या खालचा कोमल गंधार, रिषभ, कोमल रिषभ आणि खुद्द सा त्या वाद्यात नाहीतच! श्टाडलरचं वाद्य मात्र थेट त्या सापर्यंत उतरायचं. मोझार्टने ते स्वर मनापासून वापरले, एखादी तान वरून निघते ती पार तळाला जाऊन टेकते आणि मग परत वर येते, अशा जागा पहिल्या भागातही आहेत आणि शेवटच्या भागात, रोंडोतही.

मग उडी कुठून आली? मोझार्ट त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेला, त्याच्या हातचं हस्तलिखित हरवलं ते आजपर्यंत मिळालेलं नाही, आणि दहाएक वर्षांनी प्रकाशकांनी जे छापलं ते साध्या क्लॅरिनेटवर बसावं म्हणून खालच्या जागा सप्तकभर वर उचलून छापलं. हे कोणी केलं ते माहीत नाही पण १८०२ सालीच लाइपझिगच्या एका संगीत साप्ताहिकातल्या परीक्षणात लिहिलं गेलं होतं की मूळ रचना याहून खाली जाते, सोबत उदाहरणंही दिली होती. त्या उदाहरणांवरून, आणि मोझार्टचाच एक आधीचा कच्चा खर्डा शिल्लक आहे त्यावरून, विसाव्या शतकात अभ्यासकांनी मूळ जागा पुन्हा जुळवल्या. ते वाद्य दिसायचं कसं हेसुद्धा १९९० नंतर कळलं, श्टाडलरच्या १७९४ सालच्या रीगा गावातल्या कार्यक्रमांच्या पत्रकावर त्याचं चित्र निघालं.

तेव्हा तुम्ही ऐकलेला उडी मारणारा कलाकार साध्या वाद्यावर वाजवत होता आणि उतरणारा बॅसेटवर. जॅक ब्रायमर, जर्व्हेस द पेयर, रॉबर्ट मार्सेलस, कार्ल लाइस्टर ही जुनी मोठी नावं साध्या वाद्यावरची. थिया किंग, साबीने मायर, मार्टिन फ्रॉस्ट, अँटनी पे, एरिक होप्रिच यांचं बॅसेटवरचं मिळतं. फक्त एक करा काका, फोनच्या स्पीकरवर नका ऐकू. तो तळाचा सा साधारण ११० हर्ट्झचा आहे, फोनचा एवढासा स्पीकर तो नीट देतच नाही. हेडफोन लावा नाहीतर नातवाला घरातल्या मोठ्या स्पीकरला जोडून द्यायला सांगा, खालचे स्वर भरून ऐकू आले पाहिजेत, त्याशिवाय दोन्हींतला फरक अर्धाच कळतो.

प्रश्न (कॉलेज रोड): अ‍ॅपवर या एकाच कॉन्चेर्टोची ढीगभर रेकॉर्डिंग्ज दिसतात. मला सगळी सारखीच वाटतात. एकच सांगा, कोणतं ऐकू?

ताई, एक सांगतेच, पण सगळी सारखी वाटतात त्याचं कारण आधी बघू. आपण प्रत्येक वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत अर्धा तास ऐकतो, दुसरं लावेपर्यंत पहिलं विसरलेलं असतं. त्यापेक्षा एकच छोटी जागा धरा आणि तीच सगळ्यांकडून ऐका. माझी आवडती जागा म्हणजे मधला संथ भाग, अडाजिओ. सुरुवातीलाच क्लॅरिनेट एकटं आठ मात्रागटांची एक चीज म्हणतं, खाली तंतुवाद्यं हलकेच चालू असतात, आणि मग तीच ओळ पूर्ण ऑर्केस्ट्रा म्हणतो. एवढंच. मिनिटभराचं काम आहे. त्यात दोन गोष्टी बघा, वादक श्वास कुठे घेतो आणि ऑर्केस्ट्रा उत्तर कसं देतो. मग थोडं पुढे जाऊन तीच ओळ जिथे परत येते तिथे थांबा, तिथे काही जण जशीच्या तशी वाजवतात, काही आवाज इतका खाली नेतात की कान पुढे करावा लागतो, काही जण छोट्या हरकती घालतात. कलाकाराचा सगळा विचार त्या परत येण्यात दिसतो, आपल्याकडे मुखडा फिरून येताना गवई काय करतो ते बघतो ना, तसंच.

ब्रायमरने कंडक्टर थॉमस बीचमच्या बरोबर १९५०च्या दशकाच्या शेवटी वाजवलंय, ते फार निवांत आहे, बीचम कुठेही घाई करत नाही आणि ब्रायमरचा स्वर उबदार, ज्यांना संथ आलापी आवडते त्यांनी हे आधी घ्यावं. मार्सेलसचं जॉर्ज सेलच्या क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राबरोबरचं १९६१चं, त्याच्या स्वराचा गोलवा खालपासून वरपर्यंत एकसारखा, कुठे शिवण दिसत नाही, आणि सेलने ऑर्केस्ट्रा इतका स्वच्छ ठेवलाय की प्रत्येक धागा मोजता येतो. लाइस्टर आणि करायान १९७१चं मला तितकं जवळचं वाटत नाही, लाइस्टर अप्रतिमच वाजवतो पण बर्लिनची तंतुवाद्यं इतकी दाट आहेत की तो त्यात बुडतो. आणि हे महत्त्वाचं आहे कारण मोझार्टने या रचनेत ओबो ठेवलेले नाहीत, ट्रम्पेट-ड्रम नाहीत, फक्त दोन बासरी, दोन बासून (खालच्या स्वरांची लांब सुषिर वाद्यं), दोन हॉर्न आणि तंतुवाद्यं. म्हणजे क्लॅरिनेटला जागा मिळावी म्हणून त्याने आजूबाजूचा गोंगाट आधीच कमी केलाय, त्यावर तुम्ही तंतुवाद्यांची गादी टाकली तर काय उपयोग.

फ्रॉस्टचं घ्यायचं तर अडाजिओसाठी घ्या, परत येणारी ओळ तो ज्या बारीक आवाजात वाजवतो तो श्वासावरचा ताबा थक्क करणारा आहे, पण कधीकधी मला वाटतं की आपण मोझार्ट सोडून ताबाच ऐकतोय. साबीने मायरची दोन आहेत, हान्स व्होंकबरोबरचं आणि नंतरचं आबाडोबरोबरचं, मला पहिलं जास्त मोकळं वाटतं.

आणि एकच सांगा म्हणालात ना, तर थिया किंग, जेफ्री टेट आणि इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्रा, १९८५. बॅसेटवर आहे त्यामुळे खालच्या जागा पूर्ण मिळतात, ऑर्केस्ट्रा आटोपशीर, आणि ती बाई कुठेच स्वतःकडे लक्ष ओढून घेत नाही, ओळ जिथे जायची तिथे जाऊ देते. त्याच अल्बममध्ये गाब्रिएली क्वार्टेट या चार तंतुवादकांबरोबर मोझार्टचं १७८९चं क्लॅरिनेट क्विंटेटपण आहे, तेही श्टाडलरसाठीच लिहिलेलं. कॉन्चेर्टो आणि क्विंटेट एकाच हातचं लागोपाठ ऐकलं की कळतं, पाच जणांत वाजवताना तोच वादक किती वेगळा बोलतो.

तुलना करताना एक पथ्य पाळा, आवाज दोन्हींचा सारखा करून घ्या. जे रेकॉर्डिंग जरा मोठ्याने वाजतं तेच आपल्याला चांगलं वाटतं आणि आपण उगाच मत बनवून बसतो.

प्रश्न (इंदिरानगर): ब्राम्सचं क्लॅरिनेट क्विंटेट ऐकलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत उदास वाटलं. शिवाय एका जुन्या रेकॉर्डिंगमध्ये क्लॅरिनेटचा स्वर थरथरतो, तो बिघाड आहे का?

थरथर बिघाड नाही, मुद्दाम आहे. तुम्ही बहुतेक रेजिनाल्ड केल आणि बुश क्वार्टेटचं १९३७चं रेकॉर्डिंग ऐकलंय. जर्मन आणि व्हिएन्नाचे वादक साधारणपणे स्वर सरळ ठेवतात, केल हा इंग्लिश, आणि त्याने ओबो-व्हायोलिनसारखं व्हायब्रेटो क्लॅरिनेटवर आणलं म्हणून त्याच्यावर टीकाही खूप झाली. पण मी ठामपणे त्याच्या बाजूने आहे. ब्राम्सने हे १८९१ साली ज्याच्यासाठी लिहिलं तो रिचर्ड म्यूलफेल्ट आधी मायनिंगेनच्या त्याच ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचा, क्लॅरिनेट नंतर. आदल्या वर्षी ब्राम्सने लिखाण थांबवायचं ठरवलं होतं आणि या माणसाचं वादन ऐकून तो परत लिहायला बसला, ट्रिओ, क्विंटेट आणि १८९४ साली दोन सोनाटा. ज्याच्या हाताला आधी गज माहीत होता त्याच्या क्लॅरिनेटमध्ये गाणं असणारच.

उदास तर आहेच, पण एकसारखं उदास नाहीये. दुसरा भाग पुन्हा लावा. तंतुवाद्यांना आवाज दबवणारे म्यूट लावलेले असतात, शांत चाललेलं असतं, आणि मध्यावर एकदम क्लॅरिनेट सुटतं, हंगेरीच्या जिप्सी वादकांच्या ढंगाने, खाली तंतुवाद्यं कंप देत राहतात आणि वर हे लांबच लांब आलाप घेत फिरतं, लय धरून ठेवतच नाही. केल तिथे अक्षरशः बोलतो. लाइस्टरचं अमाडेउस क्वार्टेटबरोबरचं १९६७चं तिथे जास्त आवरलेलं आहे, सुंदर आहे, पण तो उठून खोलीबाहेर जात नाही. लिओपोल्ड व्लाखचं व्हिएन्ना कॉन्त्सर्टहाउस क्वार्टेटबरोबरचं या दोन्हींहून वेगळं, गडद, जड, आणि स्वर असा की क्लॅरिनेट आणि व्हायोला कुठे वेगळे होतात ते सापडत नाही. १९३७च्या तबकडीची खरखर आहे ती पहिली दोन मिनिटं जाणवते, पण अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या आपण ज्या कानाने ऐकतो त्याच कानाने ऐका, काही अडत नाही.

प्रश्न (सातपूर): मी कॉलेजला आहे, क्लॅरिनेट शिकतोय. मोझार्ट-ब्राम्स झालं, पुढे काय? थोडं चपळ काहीतरी सांगा.

वेबर. १८११ साली त्याने हाइन्रिश बेअरमनसाठी कॉन्चेर्टिनो आणि दोन कॉन्चेर्टो लिहिले, बोटांना भरपूर काम आहे आणि ऐकायला ऑपेरासारखे नाट्यमय. पहिल्या कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागात एक जास्तीचा तुकडा काही जण वाजवतात, काही नाही, तो वेबरचा नाही, बेअरमन घराण्याचा आहे, त्यामुळे रेकॉर्डिंग बदललं की अचानक काहीतरी वाढल्यासारखं वाटलं तर गोंधळू नका. मग कॉपलंडचा कॉन्चेर्टो, बेनी गुडमनने लिहून घेतलेला, तोच वाजवतोय आणि कॉपलंड स्वतः कंडक्ट करतोय असं रेकॉर्डिंग आहे, ते घ्या. गुडमन जॅझमधला एवढा मोठा माणूस पण त्याने १९३८ सालीच बुडापेस्ट क्वार्टेटबरोबर मोझार्टचं क्विंटेट रेकॉर्ड केलं होतं, आणि बार्टोककडून कॉन्ट्रास्ट्स लिहून घेतलं, त्याचं १९४०चं रेकॉर्डिंग आहे, पियानोवर स्वतः बार्टोक आणि व्हायोलिनवर सिगेटी. नील्सनचा १९२८चा कॉन्चेर्टो मात्र थोडा थांबून घ्या, त्यात एक स्नेअर ड्रम सतत क्लॅरिनेटशी भांडत असतो, पण एकदा पकडीत आला की सुटत नाही.

प्रश्न (गंगापूर रोड): मी तानपुरा अ‍ॅप लावून सोबत ऐकते, म्हणजे सा डोक्यात राहतो. अँटनी पे आणि होगवुडचं रेकॉर्डिंग लावलं तर तानपुरा जुळतच नाही, पांढरी सहा लावली तरी बेसूर आणि पाच लावली तरी. फाइल खराब आहे का?

फाइल ठीक आहे ताई. हे मोझार्टच्या काळासारखी वाद्यं वापरणारे लोक आहेत आणि ते पट्टीही त्या काळची धरतात. आज पांढरी सहा ४४० हर्ट्झवर लावतात, हे बरेचसे ऑर्केस्ट्रा ४३०वर लावतात, म्हणजे एका पट्टीच्या अंतराच्या निम्म्याहून जरा कमी खाली, ना इकडची पट्टी ना तिकडची. बहुतेक अ‍ॅपमध्ये बारीक सुरासाठी सेंट्सची (एका पट्टीच्या अंतराचे शंभर भाग) सोय असते, पांढरी सहाच ठेवून चाळीस सेंट खाली आणा, जुळेल. आणि अडाजिओ आला की सा बदलून पांढरी दोन करायला विसरू नका, तो भाग डी मेजरमध्ये आहे.