भाज्या-कडधान्यं बरणीबंद करायला कोणता प्रेशर कॅनर (बरण्या दाबाखालच्या वाफेत तापवायचं भांडं) घ्यावा? घरचा कुकर चालेल का?

कुकर नको. दाब तोही साधारण १५ पौंड (दर चौरस इंचाला) देतो, पण तो पटकन तापतो आणि पटकन निवतो. कॅनिंगच्या, म्हणजे बरणीबंद करण्याच्या, तक्त्यांतल्या वेळा त्याला लागू पडत नाहीत. मटार, राजमा, मटण अशा कमी आंबट पदार्थांत (पीएच ४.६ च्या वर) बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जिवाणूचे बीजाणू नुसत्या उकळत्या पाण्याने मरत नाहीत. त्यांना ११६ ते १२१ अंश सेल्सिअस लागतं. इथे तडजोड जिवावर बेतते.

कॅनरमध्ये एक क्वार्टच्या (सुमारे ९५० मिली) किमान चार बरण्या जाळीवर उभ्या मावायला हव्यात. दाब काट्याच्या डायलवर दाखवणाऱ्या कॅनरपेक्षा वजनाचा (झाकणावरच्या वजनाने दाब राखणारा) कॅनर घ्या. डायल दरवर्षी तपासून घ्यावा लागतो, वजनाला ती कटकट नाही. मात्र १० आणि १५ पौंड, दोन्ही वजनं मिळतात ना ते बघा: मुंबईत १० पुरतं, पण समुद्रसपाटीपासून १००० फुटांच्या वर १५ लागतं, आणि पुणं १८०० फुटांच्या आसपास आहे.

प्रेस्टो या ब्रँडच्या कॅनरला रबरी रिंग असते; ती कडक झाली की वाफ गळते, म्हणून जादा रिंग सोबतच मागवा. ऑल अमेरिकन या दुसऱ्या ब्रँडच्या कॅनरला रिंग नाही, पण तो जड आणि महाग. साधा ॲल्युमिनियमचा कॅनर इंडक्शनवर चालत नाही.

वापरताना वाफेची सलग धार सुरू झाल्यावर १० मिनिटं ती जाऊ द्या, मगच वजन ठेवा. आत हवा राहिली तर दाब पुरेसा वाटतो, तापमान मात्र कमीच राहतं. शेवटी कॅनर आपोआप निवू द्या. वर गार पाणी ओतलं तर बरण्यांतला रस बाहेर येतो, काचही तडकते.